पटाबाहेरचा कर्णधार : चेन्नईचे प्रशिक्षक आर. बी. रमेश

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ९ जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्लीत राष्ट्रीय क्रीडा पुरस्कार प्रदान करण्यात आले. २०२३ सालच्या द्रोणाचार्य पुरस्काराच्या यादीत चेन्नईचे बुद्धिबळ प्रशिक्षक आर. बी. रमेश यांचे नाव होते. मल्लखांबाचे प्रशिक्षक गणेश देवरुखकर हेही त्याच यादीत असल्याने महाराष्ट्रातही या यादीची दखल घेतली गेली. अर्जुन पुरस्काराच्या यादीत रमेश यांची शिष्या आर. वैशाली होती. गुरू आणि शिष्या असे दोघेही एकाच वर्षी गौरवले गेले.

बुद्धिबळात हा पुरस्कार क्वचितच दिला गेला आहे. पुरस्कार सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत, १९८६ मध्ये, तो रघुनंदन गोखले यांना मिळाला होता. पुढे २००६ मध्ये कोनेरू हम्पी हिचे वडील व प्रशिक्षक कोनेरू अशोक यांचा गौरव झाला. भारतात बुद्धिबळपटू झपाट्याने पुढे येत असताना त्यांना घडवणाऱ्यांचे नाव मात्र लोकांच्या ओठांवर फारसे आले नाही. जगज्जेत्याचे छायाचित्र पहिल्या पानावर छापले जाते. त्याच्यामागे कोण उभे आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

रमेश यांच्या कामाकडे पाहिले असता प्रशिक्षक या शब्दाचे निदान तीन अर्थ दिसतात. खेळ शिकवणारा शिक्षक, खेळाडूच्या मनाची घडण पाहणारा मार्गदर्शक आणि संघाचे नेतृत्व करणारा कर्णधार, अशा तिन्ही भूमिका त्यांनी वठवल्या. त्यासाठी त्यांनी स्वतःचे खेळणे सोडले.

शिकवणे आणि घडवणे

व्यवसायाच्या जगात आज नेतृत्व प्रशिक्षक हा शब्द सर्रास ऐकू येतो. बँकांपासून संगणक कंपन्यांपर्यंत अनेक ठिकाणी वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी असे मार्गदर्शक नेमले जातात. या व्यवसायाचे मूळ खेळाच्या मैदानात आहे. टिमोथी गॅलवे या अमेरिकन टेनिस प्रशिक्षकाने १९७४ मध्ये ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे पुस्तक लिहिले. खेळाडूचा एक प्रतिस्पर्धी जाळीपलीकडे असतो आणि दुसरा त्याच्या स्वतःच्या डोक्यात, असे त्याचे प्रतिपादन होते. सूचनांचा भडिमार करण्याऐवजी खेळाडूला स्वतःच्या खेळाकडे नीट पाहायला लावले, तर तो लवकर सुधारतो, असा त्याचा अनुभव होता. ब्रिटनचे माजी मोटार शर्यतपटू जॉन व्हिटमोर यांनी हाच विचार कंपन्यांच्या कचेऱ्यांत नेला. त्यांचे ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ हे पुस्तक १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले.

या परंपरेत शिक्षक आणि प्रशिक्षक यांच्यात फरक केला जातो. शिक्षक उत्तर देतो, तर प्रशिक्षक असा प्रश्न विचारतो की समोरच्याला स्वतःच उत्तर शोधावे लागते. बुद्धिबळात हा फरक निव्वळ तात्त्विक राहत नाही. क्रिकेटमध्ये षटकांच्या मध्ये निरोप पाठवता येतो आणि फुटबॉलमध्ये रेषेबाहेरून ओरडता येते. बुद्धिबळाचा डाव सुरू झाला की खेळाडू चार-पाच तास पूर्णपणे एकटा असतो. प्रशिक्षकाला जे काही द्यायचे, ते त्याआधी देऊन झालेले असावे लागते.

खेळाडू रमेश

रमेश यांचा जन्म १९७६ चा. ते भारताचे दहावे ग्रँडमास्टर. आज हा आकडा लहान वाटतो, कारण २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख देशाची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. विश्वनाथन आनंद १९८८ मध्ये पहिले ग्रँडमास्टर झाले. त्यानंतर दिब्येंदू बारुआ, प्रवीण ठिपसे आणि अभिजित कुंटे यांच्या वाटेने दहाव्या नावापर्यंत येण्यास दीड दशकाच्या आसपास काळ लागला. परदेशातील स्पर्धांना जायचे तर प्रवासखर्च परवडत नसे आणि देशात पुरेशा तोलामोलाच्या स्पर्धा नसत. प्रशिक्षक म्हणून ज्याच्याकडे जावे, असा अनुभवी ग्रँडमास्टरही जवळपास नसे.

रमेश यांनी २००२ मध्ये ब्रिटिश राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. राष्ट्रकुलातील खेळाडूंना तेव्हा या स्पर्धेत भाग घेता येत असे. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, पुण्याच्या अभिजित कुंटे यांनी हे अजिंक्यपद पटकावले. त्यानंतर नियम बदलला आणि भारतीयांसाठी ते दार बंद झाले. लागोपाठ दोन वर्षांचे हे दोन भारतीय विजेते पुढे भारतीय संघांचे न खेळणारे कर्णधार झाले, हा योगायोग मराठी वाचकाला रंजक वाटेल. २००७ मध्ये रमेश राष्ट्रकुल विजेतेही झाले.

त्या काळात भारतीय बुद्धिबळपटूचा संसार चालायचा तो प्रामुख्याने सार्वजनिक क्षेत्रातील नोकरीवर. तेल कंपन्या, विमान कंपन्या आणि बँका खेळाडूंना नोकरी देत, स्पर्धेसाठी रजा देत आणि निवृत्तीपर्यंतची शाश्वती देत. रमेश इंडियन ऑइलमध्ये होते. बक्षिसाची रक्कम कधी मिळते, कधी मिळत नाही. पगार मात्र महिन्याच्या महिन्याला येतो. मध्यमवर्गीय दक्षिण भारतीय कुटुंबात अशा नोकरीचे मोल काय असते, हे महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे सांगायला नको.

२००८ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, रमेश यांनी स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली आणि चेन्नईत ‘चेस गुरुकुल’ ही संस्था सुरू केली. नोकरीवरही त्यांनी पाणी सोडले. बुद्धिबळात बत्तिशी म्हणजे काही उतारवय नव्हे. राष्ट्रकुल विजेतेपद तर आदल्याच वर्षीचे होते. खेळणे आणि शिकवणे या दोन्ही गोष्टी सारख्याच निष्ठेने करता येत नाहीत, हे त्यामागचे साधे गणित होते. स्वतः स्पर्धेत उतरणारा माणूस नव्या कल्पना स्वतःसाठी राखून ठेवतो. पूर्णवेळ प्रशिक्षकाला त्या वाटून टाकाव्या लागतात.

एकाच घरातले दोन पट

चेस गुरुकुलच्या स्थापनेत रमेश यांच्या पत्नी आरती रामस्वामी यांचा वाटा बरोबरीचा आहे. आरती स्वतः महिला ग्रँडमास्टर आहेत. १९९९ मध्ये स्पेनमधील ओरोपेसा देल मार येथे त्यांनी १८ वर्षांखालील मुलींचे जागतिक अजिंक्यपद जिंकले, तर २००३ मध्ये त्या राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या. रमेश यांच्या प्रशिक्षक म्हणून झालेल्या वाटचालीचा आरंभही आरती यांच्यापासूनच झाला. जागतिक विजेतेपदाच्या वेळी त्या त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयारी करीत होत्या. पुढे दोघे विवाहबद्ध झाले.

पती-पत्नी दोघेही खेळाडू असलेली घरे भारतात कमी नाहीत. अशा घरांत बहुधा एकाचे खेळणे मागे पडते, आणि मागे पडणारी बहुधा पत्नी असते. या घरात स्पर्धेच्या पटावरून आधी पती उठला. अर्थात याचा फार गाजावाजा करण्याचे कारण नाही. पुढे दोघांचाही बराच काळ इतरांच्या मुलांना शिकवण्यात जाऊ लागला आणि खेळाडू म्हणून कमावलेले नाव संस्थेच्या नावात विरून गेले. तरीही एक व्यावहारिक फायदा लक्षात घेण्याजोगा आहे. मुलींना बुद्धिबळ शिकवायला, त्यांच्याबरोबर परगावी स्पर्धेला जायला आणि पराभवानंतर त्यांच्याशी बोलायला जागतिक स्पर्धा जिंकलेली एक स्त्री संस्थेत पहिल्या दिवसापासून होती. भारतीय क्रीडा प्रबोधिनींमध्ये ही सोय अजूनही सर्रास आढळत नाही.

चेन्नईच का, याचे उत्तर शहराच्या इतिहासात आहे. भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर मॅन्युएल एरन यांना १९६१ मध्ये तो किताब मिळाला, तेव्हा ते मद्रासचे होते. सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात भरणाऱ्या ताल चेस क्लबने १९७० च्या दशकात शहरातील मुलांना रशियन पुस्तके आणि कडवे प्रतिस्पर्धी मिळवून दिले. आनंद यांची सुरुवातही तिथलीच. देशातील ग्रँडमास्टरांपैकी तीसहून अधिक एकट्या तामिळनाडूचे आहेत.

गुरुकुलात काय शिकवतात?

रमेश यांचे ‘इम्प्रूव्ह युअर चेस कॅल्क्युलेशन’ हे पुस्तक २०२२ मध्ये नेदरलँड्समधील एका नामवंत प्रकाशनाने काढले. त्याचा विषय गणना हा आहे. पटावरील सोंगट्यांना हात न लावता पुढच्या चाली मनात खेळून पाहणे आणि दहा चालींनंतरचा पट डोळ्यांसमोर लख्ख उभा करणे, याला बुद्धिबळात गणना म्हणतात. हौशी खेळाडू चांगली चाल दिसताच थांबतो. प्रतिस्पर्धी त्यावर काय करील, हे तो एकदा पाहतो आणि आपल्याला सोयीचे उत्तर मिळाले की समाधान मानतो. प्रशिक्षित खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने सर्वांत अडचणीची चाल शोधतो. आपल्याच कल्पनेविरुद्ध प्रामाणिकपणे वकिली करण्याची ही सवय सहजासहजी लागत नाही. म्हणूनच कठीण स्थिती तासन्‌तास, उत्तर न पाहता सोडवण्यावर रमेश यांचा भर असतो.

आता संगणक क्षणार्धात उत्तर सांगतो. एखादी स्थिती यंत्रात भरली की उत्तम चाल समोर येते आणि मुलाला वाटते की आपल्याला ती समजली. प्रत्यक्ष डावात यंत्र नसते. संगणकाच्या युगात प्रशिक्षक कशाला हवा, असे विचारणाऱ्यांना याहून मोठ्या उत्तराची गरज नसावी.

मुलांना शिकवणे हे या कामाचे एक अंग झाले. दुसरे अंग पालकांचे. प्रशिक्षकाच्या दारात मूल एकटे येत नाही, त्याच्याबरोबर घरची स्वप्नेही येतात. बुद्धिबळात प्रत्येक खेळाडूला त्याच्या निकालांनुसार गुणांकन मिळते आणि प्रत्येक डावानंतर ते वर-खाली होते. शाळेतील टक्केवारीसारखा हा आकडा पालकांना कळतो, म्हणून तेवढाच पाहिला जातो. गुणांकन जाईल या भीतीने मूल सुरक्षित खेळू लागते आणि लवकर बरोबरी मान्य करते. निकालाच्या भीतीने मुलाची वाढ खुंटते, हे रमेश जाहीरपणे अनेकदा बोलत आले आहेत. ही भूमिका घेणाऱ्या प्रशिक्षकाला व्यवसाय म्हणून धोका पत्करावा लागतो, कारण शुल्क पालक भरतात आणि निकालही त्यांनाच हवा असतो.

हुकलेला विक्रम

या भूमिकेची खरी कसोटी आर. प्रज्ञानंद याच्या बाबतीत लागली. त्याची मोठी बहीण वैशाली हिचे दूरचित्रवाणी पाहणे कमी व्हावे म्हणून पालकांनी तिला बुद्धिबळाच्या वर्गात घातले आणि तिच्यामागोमाग धाकटा भाऊही पटाशी आला. ही कहाणी आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. २०१६ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षात, प्रज्ञानंद त्या वेळचा जगातील सर्वांत लहान आंतरराष्ट्रीय मास्टर झाला. तेव्हापासून एकच चर्चा सुरू झाली. रशियाच्या वतीने पुढे खेळलेल्या सर्गेई कार्याकिन याने बारा वर्षे सात महिन्यांच्या वयात ग्रँडमास्टर होऊन केलेला विक्रम हा मुलगा मोडणार का?

ग्रँडमास्टर होण्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धांत तीन वेळा नेमून दिलेली कामगिरी करावी लागते. तिला नॉर्म म्हणतात. शिवाय गुणांकन २५०० पर्यंत पोहोचावे लागते. प्रज्ञानंदला पहिला नॉर्म २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इटलीतील जागतिक कनिष्ठ स्पर्धेत मिळाला. विक्रमाची मुदत २०१८ च्या मार्चमध्ये संपत होती. प्रत्येक स्पर्धा म्हणजे बातमी होऊ लागली. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात घड्याळ देऊन साऱ्या देशाने त्याच्याकडे पाहत बसावे, असा तो काळ होता. मार्च उलटला, विक्रम हुकला.

नंतरचा घटनाक्रम बोलका आहे. दुसरा नॉर्म एप्रिलमध्ये ग्रीसमध्ये आला आणि तिसरा जूनमध्ये इटलीतील ऑर्टिसेई येथे. २३ जून २०१८ रोजी प्रज्ञानंद बारा वर्षे दहा महिन्यांचा असताना ग्रँडमास्टर झाला. मुदत संपल्यावर तीन महिन्यांत दोन नॉर्म आले, यावरून दडपणाचे ओझे किती होते याचा अंदाज बांधता येतो. कार्याकिनचा विक्रम पुढे २०२१ मध्ये अमेरिकेच्या अभिमन्यू मिश्राने मोडला. प्रज्ञानंद २०२३ मध्ये बाकू येथील विश्वचषकाच्या अंतिम फेरीत मॅग्नस कार्लसनसमोर बसला होता. त्याच वर्षी १ डिसेंबरला वैशालीने २५०० गुणांकन पार केले आणि ही दोघे जगातील पहिली ग्रँडमास्टर बहीण-भावाची जोडी ठरली. विक्रम हुकला म्हणून काय बिघडले, हा प्रश्न आता कोणी विचारतही नाही.

गुरुकुलातून घडलेली नावे एवढीच नाहीत. मदुराईचा अरविंद चिदंबरम २०१३ मध्ये चौदाव्या वर्षी चेन्नईतील खुल्या स्पर्धेत ग्रँडमास्टरांना मागे टाकून पहिला आला होता. पुढे २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षे तो राष्ट्रीय विजेता झाला आणि २०२५ मध्ये त्याने प्राग मास्टर्स जिंकली. कार्तिकेयन मुरली हेही त्याच पिढीतील नाव.

न खेळणारा कर्णधार

बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये प्रत्येक संघात पाच खेळाडू असतात आणि दर फेरीत चार जण खेळतात. पाचवा कोण बसणार, हे कर्णधार ठरवतो. फेरीपूर्वी ठरलेल्या वेळेत त्याला चार नावे द्यावी लागतात. डाव सुरू झाल्यावर पटावरील स्थितीबद्दल त्याला अवाक्षर काढता येत नाही. म्हणजे कर्णधाराचे खरे नेतृत्व खेळ सुरू होण्याआधी संपते, आणि खेळ संपल्यावर पुन्हा सुरू होते.

रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने २०१४ मध्ये नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे कांस्यपदक मिळवले. खुल्या गटात भारताचे ते पहिलेच ऑलिंपियाड पदक. आठ वर्षांनी ऑलिंपियाड चेन्नईजवळच्या मामल्लपुरम येथे भरले. यजमान म्हणून भारताला एकाहून अधिक संघ उतरवता आले. रमेश यांच्याकडे दुसरा संघ होता: डी. गुकेश, निहाल सरीन, प्रज्ञानंद, नागपूरचा रौनक साधवानी आणि वयाने मोठा, अनुभवी बी. अधिबान. संघाला अकरावे मानांकन होते.

आठव्या फेरीत गाठ पडली ती अग्रमानांकित अमेरिकेशी. ट्रॉम्सोच्या पदकविजेत्या संघातील अधिबानला रमेश यांनी त्या दिवशी विश्रांती दिली आणि सोळा वर्षांच्या रौनकला चौथ्या पटावर बसवले. हा निर्णय चुकला असता, तर टीका कोणावर झाली असती हे उघड आहे. गुकेशने फॅबियानो कारुआनाला हरवले, रौनकने लेनिअर डोमिंगेझला. निहाल आणि प्रज्ञानंद यांनी बरोबरी साधली. भारताच्या दुसऱ्या संघाने अमेरिकेला ३-१ असे नमवले. गुकेशचा तो सलग आठवा विजय होता.

दहाव्या फेरीत समोर उझबेकिस्तान होते. सुवर्णपदक आवाक्यात आले होते. वरचढ स्थितीतून विजयाचा आग्रह धरताना गुकेशने घड्याळाच्या धावपळीत नोदिरबेक अब्दुसत्तोरोवविरुद्ध घोडचूक केली आणि डाव गमावला. प्रज्ञानंदच्या विजयामुळे सामना २-२ असा सुटला, पण सुवर्णाची वाट अवघड झाली. त्या वेळी गुकेश सोळा वर्षांचा होता. बुद्धिबळात पराभवाचा दोष पंचावर, खेळपट्टीवर किंवा सहकाऱ्यावर टाकता येत नाही, त्यामुळे असा पराभव अधिक खोल लागतो. प्रशिक्षकाच्या हाती उरली होती ती एक रात्र आणि एक फेरी. शेवटच्या फेरीत गुकेश पुन्हा पहिल्या पटावर बसला आणि त्याने बरोबरी साधली. संघाने जर्मनीला ३-१ असे हरवून कांस्यपदक मिळवले. उझबेकिस्तानला सुवर्ण आणि आर्मेनियाला रौप्य मिळाले. ११ पैकी ९ गुण मिळवणाऱ्या गुकेशला पहिल्या पटाचे वैयक्तिक सुवर्णपदक देण्यात आले.

शिष्य पुढे जातात तेव्हा

गुकेश हा रमेश यांच्या गुरुकुलाचा विद्यार्थी नव्हे. त्याची घडण चेन्नईतच विष्णू प्रसन्ना यांच्या हाताखाली झाली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये सिंगापूर येथे डिंग लिरेनला ७.५-६.५ असे हरवून तो अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. त्या तयारीत पोलंडचे ग्रँडमास्टर ग्रेगोश गायेव्स्की पटावरील बाजू पाहत होते, तर दक्षिण आफ्रिकेचे पॅडी अप्टन मनाची. अप्टन बुद्धिबळपटू नाहीत. २००८ ते २०११ या काळात ते भारतीय क्रिकेट संघाबरोबर होते आणि त्यांच्या हुद्द्यातच मानसिक तयारी व नेतृत्व हे शब्द होते. गुकेश पहिला डाव हरला होता. अकरावा जिंकून आघाडी घेतल्यावर बारावाही हरला. तीन आठवड्यांच्या अशा लढतीत झोप, विश्रांती आणि कालचा डाव कालच संपवणे या गोष्टींना चालींइतकेच महत्त्व येते.

आजच्या अव्वल खेळाडूभोवती असे पथक असते आणि त्यात लहानपणीच्या गुरूची जागा आक्रसत जाते. सलामीच्या चालींसाठी एक तज्ज्ञ, सरावासाठी दुसरा, मनासाठी तिसरा. २०२४ मध्ये टोरांटोच्या आव्हानवीर स्पर्धेत प्रज्ञानंदच्या साथीला पीटर स्विडलर होते. यात कृतघ्नता शोधणे चुकीचे ठरेल. महाभारतातील द्रोणाचार्यांनी अंगठा मागून घेतला होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार घेणाऱ्या आजच्या प्रशिक्षकाला मात्र शिष्याला दुसऱ्याच्या हाती सोपवता यावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात-आठ वर्षांच्या नव्या मुलासमोर पुन्हा पट मांडावा लागतो.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये बुडापेस्ट येथे भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत प्रथमच ऑलिंपियाड सुवर्णपदक जिंकले. प्रज्ञानंद पुरुषांच्या संघात होता, वैशाली महिलांच्या. खुल्या संघाचे कर्णधार होते चेन्नईचे श्रीनाथ नारायणन, तर महिला संघाचे पुण्याचे अभिजित कुंटे.